पाहणे आणि पाहणी

सरकारी नोकरीत ३२ वर्षे काढलेल्या माणसाच्या कानाला 'पाहणे' हे क्रियापद एकटे असे कधी ऐकू येत नाही. त्याच्या पाठोपाठ पाहणी येते, पाहणीच्या पाठोपाठ पंचनामा, पंचनाम्यामागून अहवाल, आणि अहवालाच्या समासात 'पाहिले' असा एका शब्दाचा शेरा. त्या शेऱ्याखाली आद्याक्षरी करून आम्ही शेकडो कागद पुढे पाठविले आहेत. त्यांतले खरोखर किती पाहिले होते, हा प्रश्न सेवेत असताना आम्हाला कोणी विचारला नाही आणि आम्हीही स्वतःला विचारला नाही. निवृत्तीनंतर सात वर्षांनी, मुंबईच्या रस्त्यावर एका भाड्याच्या सायकलीवर बसलेलो असताना, तो आमच्यापुढे येऊन उभा राहिला. दुसऱ्याचे जगणे पाहण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळतो, आणि पाहून झाल्यावर पाहणाऱ्यावर काही बंधन पडते की नाही, असे त्याचे दोन भाग आहेत. त्यांचा थोडा ऊहापोह येथे करावयाचा आहे.

प्रसंग असा घडला. आमचा जन्म महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या वर्षीचा, म्हणजे १९६० चा. २०२५ च्या जानेवारीत गिरगावात राहणाऱ्या आमच्या भाच्याने पासष्टीची भेट म्हणून आम्हाला एका सायकल-सहलीत नाव नोंदवून दिले. पहाटे सहाला कुलाब्याहून निघावयाचे, वाटाड्याच्या मागोमाग दक्षिण मुंबई हिंडावयाची आणि दहाच्या सुमारास परत यावयाचे, असा बेत. मुंबईत अशा सहली बरीच वर्षे निघतात. पहाटेच्या निघतात, मध्यरात्रीच्याही निघतात, आणि त्यांत परदेशी पाहुण्यांचा भरणा अधिक असतो. आमच्या सौभाग्यवतींनी हे ऐकताच विचारले, "मुंबई पाहायला तुम्हाला वाटाड्या कशाला हवा? जन्मभर तिथेच तर फायली घेऊन धावत होता."

धावत होतो हे खरे. परंतु आमची मुंबई चर्चगेट स्थानकापासून मंत्रालयापर्यंत, फार तर दुपारी पोटासाठी गाठलेल्या एखाद्या खाणावळीपर्यंत. बगलेत बैठकीची टिपणी, नजर घड्याळावर, आणि संध्याकाळी परतीची गाडी. शेकडो वेळा गेलो असू. पण त्या शहराने आम्हाला पाहिले असेल तर असेल, आम्ही त्याला पाहिले असे म्हणवत नाही.

तरीही मन कचरत होते आणि त्याला कारण होते. निवृत्तीनंतर मुलाच्या नोकरीमुळे आम्ही सिल्वासात स्थायिक झालो. २ ऑगस्ट १९५४ रोजी हे गाव पोर्तुगिजांच्या हातून मुक्त झाले, त्या लढ्यात सुधीर फडके यांच्यासारखी मराठी माणसे होती, एवढेच पूर्वी आम्हाला ठाऊक होते. आता येथे राहून रोजचे जे दिसते ते निराळे. शनिवार-रविवारी मुंबई-सुरतेच्या मोटारी खानवेल-दुधनीच्या रस्त्याला लागतात. मधुबन धरणाचे पाणी पाहावे, नावेत बसावे, ह्यात गैर काही नाही. पण डोक्यावर मोळी घेऊन चाललेली वारली किंवा कोकणा बाई दिसली की गाडी थांबते, काच खाली होते आणि फोटो निघतो. एकदा न राहवून आम्ही एका गृहस्थांना म्हटले, "तुमच्या घरातल्या बाईचा असा फोटो कोणी रस्त्यात काढला तर चालेल का?" ते मुळीच रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "अहो, पण आम्ही तिला दहा रुपये दिले ना." त्यांच्या लेखी हिशेब चुकता झाला होता. त्या दिवशी आम्ही घरी येऊन बराच वेळ बडबडत होतो. आता पैसे भरून, शिरस्त्राण चढवून, दुसऱ्याच्या पहाटेत शिरणारे आम्हीच होतो.

वापीहून गाडी धरून आदल्या दिवशी भाच्याकडे उतरलो. पहाटे कुलाब्याच्या त्या गल्लीत सायकलींची रांग उभी होती. सायकल आम्हाला नवी नाही. आमच्या लहानपणी नगरपालिका सायकलीवर कर घेई आणि पितळेचा बिल्ला देई. तो हँडलला नसला, रात्री दिवा नसला किंवा मागे कोणी डबलसीट असला, तर शिपाई हवा सोडून देई. पण गिअरच्या सायकलीवर बसण्याची ही पहिलीच वेळ. आम्ही सात जण होतो. त्यांत एक जर्मन जोडपे, बंगळूरचे दोन तरुण, बाकीचे कोण ते नीट कळले नाही. वाटाड्या पंचविशीचा मुलगा. आजोबा लालबागच्या गिरणीत होते, १९८२ च्या संपात घरी बसले ते बसलेच, असे त्याने पुढे वाटेत सांगितले. निघण्यापूर्वी त्याने इंग्रजीत सूचना दिल्या. डावीकडून, एकामागोमाग एक, घंटी वाजवीत चलावे. आणि शेवटची सूचना, झोपलेल्या माणसाचा फोटो काढू नये. मग आमच्याकडे वळून मराठीत म्हणाला, "काका, तुम्ही माझ्या मागेच राहा."

पहिला मुक्काम ससून डॉकचा. १८७५ साली बांधलेला हा धक्का अंधार असतानाच जागा होतो. ट्रॉलर लागलेले, टोपल्या वरून खाली झेलल्या जात आहेत, बर्फाचा चुरा होत आहे, लिलाव पुकारले जात आहेत, आणि एका बाजूला बायकांच्या ओळीच्या ओळी उकिडव्या बसून कोळंबी सोलीत आहेत. त्यांच्या बोटांचा वेग पाहून आम्ही थक्क झालो. आमच्या हाताखाली टंकलेखक होते. त्यांतल्या उत्तमातल्या उत्तमाचीही बोटे अशी चाललेली आम्ही पाहिली नाहीत. हे मनात येत असताना आम्ही नेमके दोन टोपल्यांच्या मधल्या वाटेत उभे होतो. मागून खणखणीत आवाज आला, "घ्यायचं असंल तर घ्या भाऊ, नायतर वाट सोडा." वळून पाहिले तो डोक्यावर पाणी गळणारी टोपली घेतलेली कोळीण. आम्ही घाईने बाजूला झालो, सायकल भिंतीला आपटली, आणि कोळंबी सोलणाऱ्या बायका मनमुराद हसल्या.

ते हसणे आमच्या मनात राहिले आहे. ३२ वर्षांच्या सेवेत 'वाट सोडा' असे आम्हाला कोणी म्हणाले नव्हते.

तेथून गेट वे ऑफ इंडिया, मग फोर्ट. टाऊन हॉलच्या पायऱ्यांपाशी थांबून वाटाड्याने पाहुण्यांना बेटांची कथा सांगितली. पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहाच्या १६६१ च्या तहात मुंबई इंग्रज राजाला आंदण मिळाली, आणि त्याने ती १६६८ साली कंपनीला वर्षाला दहा पौंड खंडाने देऊन टाकली. हे ऐकताना आम्हाला आमचे नगर हवेली आठवले. मराठ्यांच्या आरमाराने एका पोर्तुगीज जहाजाचे नुकसान केले, त्याच्या भरपाईत १७८३ साली पेशव्यांनी येथली गावे पोर्तुगिजांना देऊन टाकली. एक आंदणात गेली, दुसरे भरपाईत. देणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी ह्या गावांतले किती पाहिले असेल? असो. इतिहासात शिरलो तर सायकल मागे राहील. येथे एवढेच नमूद करावेसे वाटते, की मुंबईचे मराठीतले सविस्तर वर्णन गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ सालीच लिहून ठेवले. आपले शहर इतरांना दाखवावयाचे तर आधी ते आपण निरखले पाहिजे, ही समज दीडशे वर्षांपूर्वीची आहे आणि ती पर्यटनाच्या धंद्याने आणलेली नाही.

फूटपाथवर वर्तमानपत्रांच्या पुरवण्या एकात एक सारण्याचे काम चालले होते. तेथून क्रॉफर्ड मार्केटकडे, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईकडे आलो. दाराच्या कमानींवरच्या कोरीव शिल्पांत भाजी आणि धान्य पिकविणारे कष्टकरी आहेत; ती शिल्पे लॉकवुड किपलिंगने घडविली. सर्वांच्या माना वर होत्या. शिल्पाच्या खाली, रस्त्याच्या कडेला, हातगाड्यांची रांग होती आणि एका हातगाडीवर एक हमाल गाढ झोपला होता. गुडघे पोटाशी, डोक्याखाली पंचा, एक चप्पल पायात आणि दुसरी छातीशी धरलेली. चोरीला जाऊ नये म्हणून असावी. बंगळूरच्या दोघांपैकी एकाने मोबाइल काढला. वाटाड्याने इंग्रजीत 'नको' म्हटले. तो मुलगा ओशाळला आणि म्हणाला, की वरच्या दगडी हमालाचा फोटो सगळ्यांनी काढला, मग हा खरा आहे म्हणून का नको? उद्धटपणे विचारलेला प्रश्न नव्हता. वाटाड्या क्षणभर गोंधळला आणि "कारण तो झोपला आहे" एवढेच म्हणाला.

ह्या एका वाक्याभोवती आमचे मन पुढचे दोन तास फिरत राहिले. भुलेश्वरची फुले, जुना पांजरपोळ, खोताच्या वाडीतली लाकडी सज्ज्यांची घरे ही सर्व पाहिली खरी, परंतु त्यांचे वर्णन आमच्याकडून होणार नाही. कारण आमच्या डोळ्यांपुढे तेव्हा मुंबई नव्हती. एक डोंगरी गाव होते.

नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षीची गोष्ट. ठाणे जिल्ह्याच्या ज्या भागाचा पुढे २०१४ साली पालघर जिल्हा झाला, त्यातल्या एका तालुक्यात आम्ही नायब तहसीलदार होतो. ज्यांना महसुली कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगितले पाहिजे, की पीक कसे आले हे आपल्याकडे पैशांत सांगतात. पूर्वी आणेवारी म्हणत, आता पैसेवारी. चांगले पीक म्हणजे शंभर पैसे असे धरून गावाचे पीक किती पैशांचे, हे ठरवावयाचे. ते पन्नास पैशांच्या आत आले तर टंचाईच्या सवलती लागू होतात. जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, मुलांची परीक्षा फी माफ. पन्नासच्या वर गेले तर काही नाही. पीक उभे असताना डोळ्यांनी अंदाज करून जी काढतात तिला नजर पैसेवारी म्हणतात. पुढे पीक कापणीचे प्रयोग होतात, सुधारित आणि अंतिम पैसेवारी निघते. पण पहिला आकडा एकदा कागदावर बसला की पुढचे आकडे त्याच्या फारसे लांब जात नाहीत, हे त्या खात्यात काम केलेला कोणीही खासगीत कबूल करील.

त्या वर्षी हस्ताचा पाऊस गेला. आम्ही जीपने त्या गावाच्या रस्त्याने गेलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरे. ओहोळाचा ओलावा असल्याने लोंब्या बऱ्या भरल्या होत्या. वर डोंगराच्या उतारावर वरकस जमिनी होत्या, तेथे नागली आणि वरई. गावातल्या पुष्कळांची खाचरात वीतभरही जमीन नव्हती. त्यांचे सगळे वर्ष त्या उतारावर होते. चढायला पंचवीस मिनिटे लागली असती. ऊन होते, पुढची तीन गावे व्हावयाची होती, आणि सोबतच्या मंडळींपैकी 'वर चला' असे कोणी म्हणाले नाही. आम्ही जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून आकडा घातला. गावाच्या समितीच्या सर्व सह्या आणि अंगठे जागच्या जागी होते. गावाची पैसेवारी पन्नासच्या वर सहा पैसे निघाली. कागदात दोष काढावयाला जागा नव्हती.

माघ महिन्यात एक म्हातारे बाबा शिधापत्रिकेच्या कामासाठी कचेरीत आले. सोबत दोन नातवंडे. मुलगा आणि सून वीटभट्टीवर गेली आहेत, भट्टीवाल्याची उचल घेतली आहे, दर साल जातात पण यंदा दिवाळीपूर्वीच जावे लागले, असे त्यांनी आमच्या विचारण्यावरून सांगितले. गावाचे नाव ऐकून आम्ही, काहीतरी बोलायचे म्हणून, म्हटले की तुमच्या गावाला आम्ही येऊन गेलो आहोत. बाबांनी मान हलविली. "आलात ना साहेब. रस्ता पायलात तुमी. गाव वर हाय."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तेव्हा अंतिम पैसेवारी जाहीर होऊन गेली होती आणि ती बदलण्याचा खटाटोप आम्ही केला नाही. केला असता तर वरून खुलासा मागविला गेला असता, आणि तीन वर्षांच्या नोकरीत खुलासा देणे आम्हाला परवडणारे वाटले नाही. खात्याला बोल लावण्यासारखे ह्यात काही नाही. नियमात डोंगर चढू नये असे कोठेही लिहिलेले नव्हते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पाहण्याला आमच्या परंपरेने मोठा मान दिला आहे. मुंडकोपनिषदातील एकाच झाडावरचे दोन पक्षी वाचकांना परिचित आहेतच. एक फळ खातो. दुसरा खात नाही, नुसता पाहतो. आणि थोरपण न खाणाऱ्याकडे जाते. वेदान्त त्याला साक्षी म्हणतो. हा साक्षी निर्लेप आहे, त्याला सुखदुःखाचा विटाळ नाही. निवृत्त माणसांना तो विशेष आवडतो, असे आमचे निरीक्षण आहे. परंतु ह्याच शब्दाला मराठीने 'दार' जोडला की तो कोर्टाच्या पिंजऱ्यात जाऊन उभा राहतो. साक्षीदाराला शपथ घ्यावी लागते. काय पाहिले, कोठून पाहिले, किती अंतरावरून पाहिले, उजेड होता का, हे सांगावे लागते. उलटतपासणी सोसावी लागते आणि खोटे बोलल्यास शिक्षा आहे. एकच पाहणे, उपनिषदात ते मुक्त करते आणि न्यायालयात बांधून टाकते.

पाहणीला आलेला अधिकारी हा साक्षीदार असतो, पण तो स्वतःला साक्षी समजून वागतो. पाहिले, सही केली, निघालो. आणि सहलीला आलेला प्रवासी? त्याला बहुतेक जण निरुपद्रवी समजतात. आमचेही मत तसेच होते. पण हा दुसरा पक्षी फळ खात नाही हे म्हणणे सायकलीवर बसल्यावर टिकेना. आम्ही पैसे देऊन आलो होतो आणि कोळणीची पहाट, वर्तमानपत्रे सारणाऱ्यांची पहाट, हमालाची झोप हेच आमचे त्या दिवशीचे फळ होते. दहा रुपये देणाऱ्या त्या गृहस्थांपेक्षा आमचा दर तेवढा जास्त होता, आणि तोही त्या माणसांच्या हाती गेलेला नव्हता.

ह्यावर सरळ उपाय असा सांगितला जातो, की अशा सहली करूच नयेत. धारावीतल्या सहलींविषयी गेली वीस वर्षे हे बोलले जात आहे. गरिबी हे काय प्रेक्षणीय स्थळ आहे, असे म्हणून सभ्य माणसे तोंड फिरवितात. ह्या सभ्यतेबद्दल आदर बाळगूनही आम्हाला शंका येते. तोंड फिरविणाऱ्यांच्या मोटारीही त्याच रस्त्याने जातात आणि काचा बंद असतात. आम्ही वर्षानुवर्षे मंत्रालयाकडे जाताना हातगाडीच्या बाजूने चाललो, हमालाला कधी पाहिले नाही, आणि त्याबद्दल कोणी आम्हाला असभ्य म्हटले नाही. डोंगरावरची नागली न पाहणे हेही काही असभ्य नव्हते. पाहण्याने होणारा अपमान डोळ्यांसमोर घडतो म्हणून आपण त्याला घाबरतो. न पाहण्याने होणारे नुकसान भट्टीवर जाऊन घडते, त्याचा आवाज कचेरीत येत नाही.

मग पाहावे तर कसे? आम्हाला त्या सकाळी सुचलेला निकष असा. ज्याला आपण पाहतो तो आपल्याला अडवू शकतो का, हटकू शकतो का, उलट पाहू शकतो का? जीपमध्ये बसलेल्याला कोणी हटकीत नाही. सायकलीवरच्याला कोळीण वाट सोडायला लावते आणि बायका त्याला हसतात. सायकलीचा आम्ही जो काही गौरव करू तो ह्यापलीकडे नाही. ती स्वस्त आहे, धूर सोडत नाही, ह्या गोष्टी आहेतच. मुंबईतून १९२३ साली निघून १९२८ साली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतलेल्या हकीम, बापासोला आणि भुमगरा ह्या तीन पारशी तरुणांचे साहसही आहे. पण तिचा खरा उपयोग असा, की तिच्यावर बसलेला माणूस रस्त्यावरच्यांच्या बोलण्याच्या टप्प्यात राहतो. पाहुणा आणि पाहणे ह्या शब्दांची कुळे वेगळी आहेत असे जाणकार सांगतात. तरी पाहुण्याला घरचे लोकही निरखून पाहत असतात, एवढा त्यांचा संबंध आम्हाला पुरेसा वाटतो.

हा निकष जमला असे वाटून आम्ही खुशीत होतो, तोवर तो झोपलेला हमाल पुन्हा आठवला. तो हटकू शकत नव्हता. उतारावरची वाळलेली नागलीही हटकू शकत नव्हती. ज्याला बोलता येते त्याच्यापुरताच आमचा निकष चालतो, आणि गरज तर नेमकी तेथे आहे जेथे समोरून कोणी बोलत नाही. तेथे उलटतपासणी पाहणाऱ्याने स्वतःची घ्यावी, असे म्हणता येईल. पण स्वतःच वकील आणि स्वतःच साक्षीदार असलेला खटला कसा चालतो, हे आम्ही खात्यांतर्गत चौकशांत पुरेसे पाहिले आहे. ह्या ठिकाणी आमचा विचार अडतो, हे कबूल करणे बरे.

गिरगाव चौपाटीवरून मरीन ड्राइव्हने परत आल्यावर एका इराण्याकडे ब्रून मस्का आणि चहा झाला. पाहुणे आपापसांत बोलत होते. आम्ही वाटाड्याला विचारले, "रोज लोकांना हे सगळं दाखवताना तुला काही वाटत नाही का रे?"

"पहिलं वर्षभर वाटायचं, काका," तो म्हणाला. "मग एकदा ससून डॉकच्या एका मावशीने विचारलं, तू ह्या गोऱ्यांना आमच्याबद्दल काय सांगतोस ते मला सांग. मी सांगितलं. तिने तीन चुका काढल्या." तो हसला. "आता नवीन काही सांगायचं असलं की आधी त्यांनाच जाऊन सांगतो. हमालाचं तसं नाही जमत. तो जागा असतो तेव्हा त्याला बोलायला वेळ नसतो."

"मग?"

"मग काय, त्याच्याबद्दल कमी बोलतो."

आमच्या ३२ वर्षांत कोणताही अहवाल आम्ही ज्यांच्याविषयी लिहिला त्यांना आधी वाचून दाखविला नव्हता. पंचनामा वाचून दाखवावा असा नियम आहे. 'वाचून दाखविला, बरोबर आहे' हे वाक्य मात्र पंचनाम्याच्या शेवटी आम्ही आधीच लिहून ठेवीत असू.

सिल्वासाला परतल्यावर घरात ह्याची चर्चा झाली तेव्हा सौभाग्यवतींनी एकच प्रश्न विचारला, "त्या गावाला पुन्हा गेला होतात का कधी?" गेलो नव्हतो. पुढे पदोन्नत्या झाल्या, बदल्या झाल्या, ते गाव नकाशावरचे एक नाव होऊन राहिले. सिल्वासाहून ते काही फार लांब नाही.

२०२५ च्या दिवाळीनंतर एके दिवशी आम्ही गेलो. नाक्यापर्यंत जीप मिळाली, तेथून चालत. रस्ता आता डांबरी आहे आणि खाचरांच्या कडेने तसाच जातो. त्या बाबांचे नाव आम्हाला तेव्हाही माहीत नव्हते, त्यामुळे चौकशी तरी कोणाची करणार? सरळ उताराला लागलो. पंचवीस मिनिटांची ती चढण आता आम्हाला पाऊण तास पुरली. दोनदा बसावे लागले. वर नागलीची कापणी चालली होती. एक बाई कणसे खुडून कमरेच्या फडक्यात टाकीत होती. कोणाकडे आलात, असे तिने आपल्या बोलीत विचारले. पीक पाहायला आलो, असे आम्ही सांगितले. तिने आम्हाला खालपासून वरपर्यंत पाहिले, हात मात्र थांबविला नाही, आणि म्हणाली, की मग उशीर केलात, निम्मे तर काढून झाले.